गाण्याच्या कमाईवर उभं राहिलेलं घर : हिराबाई बडोदेकर



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा झाली. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे, फार सुरेल गाते. परिपाठात प्रार्थना तीच सांगते आणि तिच्या आवाजाला धरूनच बाकीची शाळा गाते. तिच्या वडिलांना मी म्हटलं, की हिला कुठंतरी गाणं शिकायला पाठवा. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, की मॅडम, गाण्यावर पोट भरतं का? त्यातून मुलीच्या जातीला? मी गडबडले. छंद म्हणून राहू द्या, असं काहीतरी गुळमुळीत बोलून मी विषय संपवला. घरी परतताना मात्र स्वतःचाच राग आला. प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, ही खरी अडचण होती.

म्हणून आज एका गायिकेचं चरित्र तुमच्यासमोर ठेवते आहे. तुम्हाला नाव माहीत असेल, हिराबाई बडोदेकर. त्यांच्या सुरेलपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्या वाटेला फारशी जाणार नाही, मला गाण्यातलं तेवढं कळतही नाही. त्यांनी गाण्यावर घर कसं चालवलं आणि ते आयुष्यभर कसं टिकवलं, तेवढंच मी शोधत होते.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेचा. वडील म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गायक होते आणि ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांचं प्रेम जुळलं. सरदाराची मुलगी आणि दरबारातला मुसलमान गवई, घरचे मान्य करणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदं सोडलं. पुढं मुंबई, मिरज, पुणे असा त्यांचा संसार झाला आणि पाच मुलं झाली. थोरला अब्दुल रहमान, मग कृष्णा, चंपाकली, गुलाब आणि सकीना. यातली चंपाकली म्हणजे आपल्या हिराबाई.

चंपाकली किशोरवयात असतानाच ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. पाचही मुलं त्यांनी बरोबर घेतली. जरा कल्पना करा. शंभर वर्षांपूर्वीचा काळ. माहेर कधीच तुटलेलं, नवऱ्याचं घर सोडलेलं, पदरात पाच मुलं. नोकरी करायला हातात शिक्षणाचा कागद नाही. होतं ते एवढंच, की घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात गाणं होतं.

ताराबाईंनी मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू माने झाला, चंपाकलीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई आणि सकीनाची सरस्वती. आडनाव लागलं माने आणि बडोदेकर, म्हणजे आईच्या घराचं आणि आईच्या गावाचं. वर्गात हे सांगताना ही गोष्ट गाळू नका, असं मला वाटतं. मुलं लगेच विचारतात, की नाव का बदललं? त्यांना खरं सांगावं. त्या काळच्या पुण्यात मराठी मध्यमवर्गात उभं राहायचं, तिथं प्रतिष्ठेनं गायचं, तर वडिलांची ओळख मागं ठेवावी लागली. ही किंमत होती आणि ती लहान मुलांनी मोजली. वडिलांचं नाव गेलं, पण वडिलांच्या घराण्याचं गाणं मात्र एकाही मुलानं सोडलं नाही.

आता गंमत ऐका. हिराबाईंनी गवई व्हावं असं ताराबाईंच्या मनात मुळीच नव्हतं. मुलीनं शिकून डॉक्टर व्हावं, अशी त्यांची इच्छा. म्हणजे आमच्या पालकसभेतला प्रश्न गाणाऱ्यांच्या घरातसुद्धा होताच! गाण्यातल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हे ताराबाईंनी फार जवळून पाहिलं असणार. पण मुलीचा ओढा लपेना. थोरल्या भावानं, सुरेशबाबूंनी तिला शिकवायला सुरुवात केली. पुढं उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. हे खाँसाहेबांच्याच नात्यातले आणि किराणा घराण्याचे मोठे जाणकार. त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. एकेका सुरावर थांबून, सावकाश राग उलगडत न्यायची रीत हिराबाईंना त्यांच्याकडून मिळाली. ही तालीम काही महिन्यांची नव्हती, वर्षांची होती. पालकांना हे आवर्जून सांगा. आजकाल तीन महिन्यांत स्पर्धेत उतरायची घाई असते.

१९२१ साली मुंबईत पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत हिराबाई जाहीरपणे गायल्या. वय सोळा.

इथं थोडं थांबून त्या वेळची पैशाची व्यवस्था समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी बाईनं गाणं म्हणजे बहुतेक वेळा कुणा धनिकाच्या दिवाणखान्यातली बैठक. गाण्यानंतर यजमान बिदागी द्यायचा. बिदागी किती, ते त्याच्या मर्जीवर. कधी गायचं, किती वेळ गायचं, काय गायचं, समोर कोण बसणार, हेही तोच ठरवणार. मर्जी आहे तोवर सगळं ठीक. मर्जी फिरली की दुसरं दार शोधायचं. समोर बसणारे बहुतेक पुरुषच. घरंदाज बाई तिथं श्रोता म्हणूनसुद्धा पाऊल टाकू शकत नव्हती. आणि गाणाऱ्या बाईकडे तिच्या गाण्यापलीकडच्या नजरेनं पाहिलं जायचं, हे आपण मोठ्यांनी स्पष्ट बोलायला हरकत नाही. आयुष्यभर तपश्चर्या करूनही तिला गाणारी बाई, नायकीण, कलावंतीण यापुढचं नाव समाज देत नव्हता.

हिराबाईंनी तिकीट लावून जलसे करायला सुरुवात केली. हिंदुस्थानी संगीतात तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या त्या पहिल्या गायिका मानल्या जातात.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण नीट विचार करा. तिकीट म्हणजे ठरलेली किंमत, आणि तीही आधी दिलेली. एका धनिकानं दिलेल्या शंभर रुपयांऐवजी शंभर माणसांनी दिलेला एकेक रुपया (हे आकडे फक्त समजावण्यासाठी हं). शंभरातली दहा माणसं रुसली तरी घर चालतं. एकच यजमान होता आणि तो रुसला, तर चूल विझते. दुसरं म्हणजे, नाट्यगृहात तिकीट काढून कुणीही येऊ शकतं. कारकून येईल, मास्तर येईल आणि सोबत बायकोला, मुलीला घेऊन येईल. गाणं दिवाणखान्यातून निघून नाट्यगृहात आलं, आणि घरातल्या बायका ते ऐकू लागल्या. त्यांच्यातूनच पुढं आपल्या मुलींना गाणं शिकवणाऱ्या आया निघाल्या. आमच्या चौथीच्या पुस्तकातलं गणित वापरून मी हे मुलांना समजावलं, त्यांना झटकन कळलं.

आणि त्या बसायच्या कशा, तेही ऐका. अंगभर साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मांडी घालून स्थिर बैठक, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर आविर्भाव नाहीत. साथीदारांच्या मधोमध एखाद्या शिक्षिकेसारख्या शांत बसून त्या गायच्या. मैफलीतला आवाजही तसाच, बारीक, गोड, कुठं जोर नाही. लोकांना ही बाई आपल्या घरातली वाटली. हे ठरवून केलेलं होतं की स्वभावच तसा होता, कोण सांगणार? पण त्याचा उपयोग झाला एवढं खरं. इथं माझ्या मनात एक गोष्ट सलते, तीही सांगून टाकते. हिराबाईंना जे मिळालं, ते त्या इतर गाणाऱ्या बायकांसारख्या दिसत नाहीत म्हणूनही मिळालं. त्या इतर बायका गाण्यात काही कमी नव्हत्या. दार उघडलं खरं, पण सगळ्यांसाठी एकदम नाही.

हे सगळं एकटीच्या बळावर चाललं होतं असं मात्र समजू नका. या कुटुंबानं पुण्यात नूतन संगीत विद्यालय काढलं. म्हणजे जलसा नसेल त्या महिन्यातही शिकवण्याची फी येणार. सुरेशबाबू शिकवायचे, साथ करायचे. ताराबाई सगळं सांभाळायच्या. आजच्या भाषेत बोलायचं तर घरातलंच व्यवस्थापन. मी तर म्हणेन, या गोष्टीतली अर्धी नायिका ताराबाईच आहेत. त्यांच्याबद्दल आपल्या पुस्तकांत एक ओळसुद्धा नसते.

१९२९ साली या विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. मराठी रंगभूमीवर तेव्हा बायकांची कामं पुरुष करायचे. बालगंधर्वांचं उदाहरण आपण मुलांना देतोच. हिराबाईंच्या कंपनीत बायकांच्या भूमिका बायकाच करू लागल्या. स्वतः हिराबाई, कमलाबाई आणि लहानगी सरस्वतीसुद्धा. सौभद्र, पुण्यप्रभाव, विद्याहरण, युगांतर, साध्वी मीराबाई अशी नाटकं झाली. नाट्यमन्वंतरचं आंधळ्यांची शाळा हे नाटक १९३३ मध्ये आलं आणि त्यातल्या स्त्री-नटांची मोठी चर्चा झाली. पण बडोदेकर बहिणी त्याच्या आधीपासून रंगमंचावर उभ्या होत्या.

पण नाटक कंपनी म्हणजे पांढरा हत्ती. पडदे, पोशाख, नट, वादक, सगळ्यांचं जेवणखाण, सगळ्यांचा प्रवास. खेळ असो वा नसो, खर्च चालूच. त्यात बोलपट आला. तिकडं पडद्यावर नट बोलू-गाऊ लागले आणि इकडं एकेक नाटक कंपनी बसू लागली. हिराबाईंची कंपनीही चार-पाच वर्षांत बंद पडली आणि डोक्यावर कर्ज राहिलं. तिशीही न गाठलेली बाई, आणि अख्ख्या कंपनीचं कर्ज.

वाचकहो, माझ्या मते हिराबाईंच्या आयुष्यातला खरा धडा इथंच आहे, आणि आपण मात्र तो गाळून थेट पुरस्कारांवर उडी मारतो. त्यांनी कर्ज बुडवलं नाही आणि गाणंही सोडलं नाही. गावोगाव मैफली करून ते फेडलं. रात्रीची मैफल म्हणजे तीन-चार तासांची. आधी मोठा ख्याल, मग छोटा, नंतर ठुमरी, नाट्यपद, भजन, आणि शेवटी भैरवी. साथीदारांसकट रेल्वेचा प्रवास, मुक्काम, तंबोरे सांभाळायचे. दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. आवाज बारीक आणि नाजूक, म्हणजे जपायचाही असणार. हे वर्षानुवर्षं करायचं म्हणजे काय, ते तुम्ही शिक्षकच समजू शकाल. सलग पाच तास वर्गात बोलल्यावर संध्याकाळी आपला घसा कसा होतो!

कर्ज फिटावं म्हणून त्या चित्रपटांतही गेल्या का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण काळ तोच होता. सुवर्णमंदिर आणि प्रतिभा या चित्रपटांत त्यांनी काम केलं. मात्र चित्रपटात त्या रमल्या नाहीत, परत मैफलीकडंच वळल्या. ग्रामोफोनच्या तबकड्यांचं मात्र त्यांना छान साधलं. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर मांडायचा राग तीन मिनिटांत बसवायचा आणि तरी तो अर्धवट वाटू द्यायचा नाही, हे कसबच आहे. हिराबाईंनी रागदारीबरोबर भावगीतं, नाट्यपदं, भजनंही ध्वनिमुद्रित केली. १९२७ मध्ये मुंबईला रेडिओ केंद्र सुरू झालं होतं. पुढं रेडिओ आणि मायक्रोफोन या दोन्हींनी त्यांच्यासारख्या हळुवार आवाजाला बळ दिलं. ज्या गावात त्या कधी गेल्या नव्हत्या, तिथं त्यांचा आवाज आधी पोचलेला असायचा. मग त्या गावात जलसा लागला की तिकिटं कोण घेणार, हा प्रश्नच उरत नव्हता. तबकडीतून मिळणारा पैसा एकीकडं, पण तबकडीनं मिळवून दिलेला श्रोता त्याहून मोठा.

याउलट उदाहरणही आहे. केसरबाई केरकर, त्याच पिढीतल्या, जयपूर घराण्याच्या फार मोठ्या गायिका. त्यांनी ध्वनिमुद्रणापासून बहुतेक काळ अंतर राखलं, निवडक मैफली केल्या आणि आपली किंमत चढी ठेवली. तोही मार्ग त्यांना साधला. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यान अंतराळात पाठवलं, त्यातल्या तबकडीवर केसरबाईंचं गाणं आहे, हे मुलांना जरूर सांगा, डोळे विस्फारतात. आणि मोगूबाई कुर्डीकर? नवरा लवकर गेला, पदरात तीन मुलं, शिकवण्या आणि मैफली करून त्यांनी घर ओढलं. त्यांच्या लेकीनं, किशोरीताई आमोणकरांनी, आईला मिळालेल्या वागणुकीचा सल पुढं आयुष्यभर बाळगला. तेव्हा गाण्यावर पोट भरतं का, याचं उत्तर तीन बायकांच्या आयुष्यात तीन तऱ्हेचं आहे. एकीचंही सोपं नाही.

हिराबाईंची गाडी पुढं रुळावर आली. देश स्वतंत्र झाला तेव्हा दिल्लीत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना मिळाला. चीन आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत त्या गाऊन आल्या. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मभूषण. धाकट्या बहिणीबरोबर, सरस्वतीबाई राण्यांबरोबर, त्यांनी जुगलबंदीच्या मैफली केल्या. दोन बायकांनी शेजारी बसून ख्याल गायचा, हे लोकांना नवीन होतं. सरस्वतीबाईंचा आवाज तुमच्यापैकी कुणी रामराज्य या जुन्या चित्रपटात ऐकलाही असेल.

१९५३ मध्ये सुरेशबाबू गेले. ज्या भावानं हातात तंबोरा दिला, साथ केली, शाळा चालवली, तो गेला. त्यांच्याकडं पुण्यातली एक मुलगी शिकत होती, तिचे आईवडील दोघंही शिक्षणक्षेत्रातले. आता तिचं शिक्षण थांबणार अशी वेळ आली, तेव्हा हिराबाईंनी तिला आपल्याकडं घेतलं. दौऱ्यावर बरोबर नेलं, मागं बसवून साथीला गायला लावलं. ही मुलगी म्हणजे डॉक्टर प्रभा अत्रे. कायद्याची पदवी घेतलेली, संगीतात डॉक्टरेट मिळवलेली, पद्मविभूषण झालेली. मैफल कशी मांडायची, श्रोत्यांसमोर कसं बसायचं, प्रवासात आवाज कसा जपायचा, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. ते असं कुणाच्या तरी मागं तंबोरा घेऊन बसूनच येतं. आपल्याकडं डी.एड.ला सराव पाठ असतात ना, तसंच काहीसं.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई गेल्या. अगदी उतारवयापर्यंत त्यांची ओळख एकच राहिली, गाणाऱ्या हिराबाई. कुणाची मुलगी, कुणाची बायको, ही ओळख त्यांना कधी लावावी लागली नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या मुलीच्या वडिलांना पुन्हा भेटले. पोट भरेलच असं खात्रीनं सांगता येत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल केलं. पण शाळा न सोडता शिकू दे, आणि गाण्याबरोबर हिशोबही शिकू दे, असं म्हटलं. हिराबाईंची हकीगत सांगितली. कर्जाचा भाग त्यांनी फार लक्ष देऊन ऐकला. ते स्वतः शेतकरी आहेत. क्लासची फी किती, आणि येण्याजाण्याचं काय, एवढं विचारून ते गेले. होकार नाही दिला, पण नकारही नाही.

गेल्या शनिवारी परिपाठ झाल्यावर मी मोबाईल स्पीकरला जोडून मुलांना हिराबाईंची एक जुनी तबकडी ऐकवली. सुरुवातीची खरखर ऐकून सगळी हसली. मग सूर लागला तसा वर्ग गप्प झाला. तीन मिनिटांत संपलंसुद्धा. आमची गाणारी मुलगी हात वर करून उभी राहिली. मला वाटलं, पुन्हा लावा म्हणेल. तिनं विचारलं, की या आजींना गाण्याचे पैसे कोण द्यायचं? मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठं तिकीट काढलं, त्यावर किंमत लिहायची जागा रिकामी ठेवली आणि किती लिहायची, ते मुलांनाच विचारलं.